नाशिकच्या कॉलेजात आपलं म्हणणं मांडायची सोय : तीन वर्षं वापरून लिहिलेला रिव्ह्यू

बारावीचा निकाल लागला की नाशकात घरोघरी एकच धावपळ सुरू होते. कटऑफ किती लागली, नॅकचा ग्रेड कोणता, होस्टेल मिळेल का, कॅन्टीन बरं आहे का. ह्या सगळ्याचे रिव्ह्यू मिळतात. पण कॉलेजात काही अडलं तर कोणाकडे जायचं, गेल्यावर कोणी ऐकतं का, ऐकलं तर काम किती दिवसांत होतं, हे मला ॲडमिशनच्या वेळी कोणीच सांगितलं नाही. माझ्या मते लायब्ररी किंवा लॅबसारखीच ही कॉलेजची एक सेवा आहे. फीच्या पावतीवर विद्यार्थी कल्याण निधीची ओळ असते, म्हणजे तिचे पैसेही आपण भरतो. हा त्या सेवेचा रिव्ह्यू आहे.

कॉलेज शहरातलं, अनुदानित, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. नाव देत नाही. ज्यांच्याशी वाद घातले त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी शेवटी मदतच केली, आणि तुम्हाला नावापेक्षा पद्धत कळणं जास्त उपयोगाचं आहे. मी बीएस्सी केमिस्ट्रीची, यंदा टीवाय, म्हणजे तिसरं वर्ष, संपलं. घर वणीच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या पट्ट्यात, त्यामुळे तिन्ही वर्षं एसटीनं अपडाऊन. एसवायला मी सीआर, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, होते आणि टीवायला एलआर, म्हणजे मुलींची प्रतिनिधी. स्वतःची तक्रार मांडणं आणि दुसऱ्यांची तक्रार घेऊन ऑफिसात उभं राहणं, दोन्ही केलंय.

पाचपैकी साडेतीन. लिहून दिलं, सगळ्यांनी मिळून दिलं आणि पाठपुरावा केला तर ही सेवा चालते, आणि चांगली चालते. दीड गुण कापलाय तो मुख्यतः एका कारणासाठी : प्रतिनिधी कोण असावा हे विद्यार्थी ठरवत नाहीत. त्यावर पुढे सविस्तर लिहिते.

आधी जे चालत नाही ते. ऑफिससमोरच्या भिंतीवर 'सूचना व तक्रार पेटी' आहे. पेटी कोण उघडणार, कधी उघडणार, उत्तर कुठे लावणार, काहीच तिच्यावर लिहिलेलं नाही. कागद आत टाकला की तुमच्या हातात पुरावा उरत नाही. नाव न सांगता लिहायची सोय एवढाच तिचा उपयोग, आणि काही बाबतींत तो मोठा आहे हे मला मान्य आहे. पण रॅगिंग असेल तर पेटीच्या भरवशावर अजिबात राहू नका. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा. बाकी पाणी, वेळापत्रक, लायब्ररी, स्कॉलरशिपचा फॉर्म अशा रोजच्या गोष्टींसाठी पेटी कामाची नाही.

आता जे चाललं त्याबद्दल.

एसवायला आमचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल तीन बॅचमध्ये असायचं. बॅच रोल नंबरप्रमाणे, रोल नंबर आडनावाप्रमाणे. शेवटची बॅच अडीचला सुरू होऊन साडेपाचला सुटायची. कागदावर ह्यात वावगं काही नाही. पण त्या बॅचमध्ये पेठ रोड, दिंडोरी-वणी, निफाड, सिन्नर अशा सगळ्या बाजूंच्या मुली आल्या होत्या. साडेपाचला ॲप्रन काढायचा, सीबीएस बसस्टँड गाठायचं, गाडी लागेपर्यंत सहा-सव्वासहा. थंडीच्या दिवसांत तोवर अंधार पडलेला असतो. गाडीतून उतरल्यावर फाट्यापासून गाव आत. कोणाचे वडील, कोणाचा भाऊ मोटरसायकल घेऊन फाट्यावर यायचा, पण ऑक्टोबरच्या छाटणीत आणि फेब्रुवारी-मार्चच्या काढणीत घरातलं माणूस बागेतून हलत नाही. मग मुली टायट्रेशनचं शेवटचं रीडिंग न घेताच निघायच्या. जर्नलवर 'रिपीट' पडायचं. टर्म संपताना त्याच मुलींची जर्नल अपूर्ण, त्याच मुलींना इंटर्नलला कमी मार्क. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, ह्या अभ्यासात कच्च्या आहेत. त्यातली एक जण बारावीला केमिस्ट्रीत माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ह्यावर पुष्कळ बोलणं व्हायचं. ग्रुपवर मन मोकळं होतं, तेही लागतंच. पण एचओडी सरांसमोर ग्रुप ठेवता येत नाही. म्हणून मी एक शंभर पानी वही घेतली आणि रकाने आखले : कुठला फाटा, सोयीची गाडी कोणती, ती चुकली तर पुढची किती वाजता, उतरल्यावर किती चालायचं, घ्यायला कोणी येतं का. नावाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही. वही वर्गात कमी आणि बसमध्ये जास्त फिरली. मांडीवर ठेवून, हलत्या गाडीत लिहिलेलं अक्षर तुम्ही बघायला हवं होतं. एका मुलीनं चालायच्या रकान्यात किलोमीटर लिहिलेच नाहीत. 'ओढ्यापर्यंत लाइट आहे, पुढे नाही', एवढंच लिहिलं होतं.

सरांनी वही चाळली आणि त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ थांबले. पण हो म्हणाले नाहीत. त्यांची अडचण खरी होती. हजेरीचं रजिस्टर, जर्नलचा हिशोब, परीक्षेच्या वेळच्या याद्या, सगळं रोल नंबरवर चालतं. मधेच चार मुली इकडच्या तिकडे केल्या की वर्षभर घोळ. ह्यातून वाट दाखवली ती लॅबच्या मामांनी. ते म्हणाले, "ताई, बॅचा पाडतात त्या रजिस्टर सोपं जावं म्हणून. आणि रजिस्टर बनतं टर्मच्या पहिल्या आठवड्यात. तुम्ही आत्ता मधेच मागताय म्हणून सर नाही म्हणतायत. टर्म लागायच्या आधी यादी तयार करून द्या, कोणाला काही त्रास नाही." त्यांनाही बदल हवा होता. शेवटची बॅच घाईत अर्धवट टाकून गेलेली काचेची भांडी धुऊन ठेवता ठेवता त्यांना रोज उशीर व्हायचा.

मग खरं काम सुरू झालं, ते म्हणजे शहरातल्या मुलामुलींना विचारणं. कोणीतरी दुपारची बॅच घेतल्याशिवाय दुसऱ्याला सकाळची मिळणार नाही. मला वाटलं होतं त्याहून ते सोपं गेलं. इंदिरानगर, सिडको, नाशिकरोडकडच्यांना सिटी बस उशिरापर्यंत मिळते. सिडकोतला एक जण सकाळी मेडिकलमध्ये काम करायचा, त्याला दुपारचीच बॅच हवी होती आणि आडनावामुळे सकाळची मिळाली होती. दोघी जणी सकाळच्या क्लासमुळे दुपार मागत होत्या. म्हणजे नुसती बसची अडचण म्हणून आम्ही जे घेऊन बसलो होतो, त्यात शहरातल्यांचीही सोय अडकलेली होती, आणि ते कोणी कोणाला विचारलेलंच नव्हतं. आम्ही अर्जाला तयार याद्या जोडल्या, तिन्ही बॅचच्या, प्रत्येकाच्या सहीसकट. पुढच्या टर्मपासून बॅच रूटप्रमाणे पडल्या. शेवटच्या बॅचच्या जर्नलवरची 'रिपीट' जवळजवळ थांबली. ह्याला कॉलेजचा एक रुपयाही खर्च झाला नाही.

सह्यांबद्दल एक सांगते, कारण पालकांची सगळ्यात मोठी भीती तीच असते : पुढेपुढे केलं तर इंटर्नलचे मार्क कापतील. आमच्याकडे तसं कोणाचं झालं नाही, पण भीती खोटी म्हणून उडवून लावायची गोष्ट नाही. आम्ही सह्या रोल नंबरच्या क्रमानं घेतल्या, म्हणजे पहिली सही करणारा म्हणून कोणी डोळ्यांत भरत नाही. अर्ज वर्गाच्या नावानं, खाली 'वर्ग प्रतिनिधी' एवढंच. आणि अर्जात कोणा शिक्षकाचं नाव नाही, दोष नाही, फक्त काय होतंय आणि काय करता येईल. एवढी काळजी घेतली की सही करायला मुली मागे सरत नाहीत.

दुसरी गोष्ट पोच. अर्ज नेहमी दोन प्रतींत न्यायचा. एक आवक-जावकच्या खिडकीवर द्यायची, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. खिडकीवरचे बाबूजी पहिल्यांदा म्हणतील, "ठेवा इथे, बघतो." तिथून हलायचं नाही, पोच मागायची, नम्रपणे मागायची. शिक्का बसला की त्या कागदाचे दिवस मोजायला सुरुवात होते, आणि हे दिवस मोजण्याला आता कायद्याचा आधार आहे.

यूजीसीनं ११ एप्रिल २०२३ रोजी विद्यार्थी तक्रार निवारणाचे विनियम काढले. प्रत्येक कॉलेजात एक समिती हवी, अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य. त्यात निदान एक महिला आणि निदान एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसी प्रवर्गातला असायलाच हवा. तक्रार आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीनं अहवाल द्यायचा. समाधान झालं नाही तर आपण १५ दिवसांत लोकपालांकडे अपील करू शकतो, आणि लोकपालांनी ३० दिवसांत निकाली काढायचं. लोकपाल विद्यापीठानं नेमलेले असतात, निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. उगाच किंवा खोटी तक्रार केली तर कारवाईची शिफारसही होऊ शकते, तेव्हा लिहिताना खरं तेवढंच लिहायचं.

ह्या विनियमांत तक्रार म्हणजे काय त्याची यादी आहे, आणि त्यात एक मुद्दा असा आहे की कॉलेजनं ज्या सोयींचं वचन दिलं त्या दिल्या नाहीत तर तीही तक्रार. म्हणून ॲडमिशनच्या वेळी मिळालेलं माहितीपत्रक कधीही रद्दीत टाकू नका. आमच्या माहितीपत्रकात वाचनकक्ष रात्री आठपर्यंत उघडा असं छापलं होतं. प्रत्यक्षात पाच वाजता दिवे बंद व्हायचे. पंचवटीत एका खोलीत चौघी-पाच जणी राहणाऱ्या मुली आहेत. तिथे एकीला झोपायचं असतं, एकीला फोनवर बोलायचं असतं, तिसरीला स्वयंपाक. बाहेरच्या खासगी अभ्यासिकेला दर महिन्याला पैसे मोजायचे. त्यांना कॉलेजच्या वाचनकक्षाचे ते तीन तास म्हणजे काय ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

अर्जाला माहितीपत्रकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली. समितीनं मुदतीत बोलावलं, आणि नीट ऐकून घेतलं, ह्याचे पूर्ण गुण. उत्तर मात्र अपेक्षेप्रमाणे : संध्याकाळी बसायला माणूस नाही, पद रिकामं आहे, भरती आमच्या हातात नाही. इथे विद्यार्थी विकास अधिकारी असलेल्या मॅडमनी साथ दिली. विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना आमच्या कॉलेजात आहेच, त्यातली मुलं दिवसा लायब्ररीत पुस्तकं लावतात. त्यातल्याच दोघांना संध्याकाळचे तास दिले तर? त्या मुलांनाही लेक्चर बुडवून काम करण्यापेक्षा ते बरं पडणार होतं. वाचनकक्ष आता साडेसातपर्यंत चालू असतो. आठपर्यंत नाही, रविवारी नाही. परीक्षेच्या आधीचे रविवार मागणारा अर्ज दिलेला आहे, त्यावर निर्णय अजून बाकी आहे.

मुलींच्या स्वच्छतागृहाचं काम ह्या सगळ्यांत लांबलं आणि तेच अर्धवट झालं. दुपारी बारानंतर नळाला पाणी नसायचं, एका दाराला कडी नव्हती. मैत्रिणीनं बाहेरून दार धरून उभं राहायचं. कितीतरी मुली कॉलेजात पाणीच प्यायच्या नाहीत, घरी जाईपर्यंत. अपडाऊनवाल्या मुलीच्या बाबतीत ते म्हणजे सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत. त्याचे परिणाम काय होतात ते दवाखान्यात गेलेल्या मुलींना विचारा. ह्याबद्दल तोंडी सांगितलं की प्रत्येक वेळी उत्तर मिळायचं, "सकाळी तर पाणी होतं." आणि ते खोटं नव्हतं. सांगणारे सकाळीच बघायला जायचे.

आम्ही दाराच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवला, दोऱ्याला पेन्सिल बांधली. तारीख, वेळ, पाणी होतं की नाही, बरोबर किंवा फुली. महिनाभर मुली खुणा करत राहिल्या. तक्ता काढला तेव्हा न बोलता दिसत होतं : सकाळच्या सगळ्या रकान्यांत बरोबर, दुपारच्या रकान्यांत फुल्याच फुल्या, आणि शुक्रवारी त्या आणखी आधी सुरू होत होत्या. टाकी आणि कॅन्टीनची लाइन एकच होती आणि मोटर दिवसातून एकदाच, सकाळी लागत होती. तक्ता पाहून प्राचार्यांनी त्याच दिवशी दुपारी दुसऱ्यांदा मोटर लावायला सांगितलं. कड्या बसल्या. ह्या अर्जावर मुलांनीही सह्या केल्या, आणि त्यातल्या काहींना तोपर्यंत हे सगळं माहीतच नव्हतं. सॅनिटरी पॅडचं मशीन मात्र बसलं आणि काही दिवसांत रिकामं झालं. ते भरायचं काम कोणाचं, हे कुठल्याच कागदावर नाही. मशीन घेण्याच्या निधीत ते भरण्याची तरतूद नसते, हे पुढच्या एलआरनं लक्षात ठेवावं आणि सुरुवातीलाच विचारावं.

कॅन्टीनबद्दल थोडक्यात : दरपत्रक लावून घेतलं, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर बदलून घेतला, बाकी फार काही झालं नाही.

आता ते कापलेले दीड गुण. मी सीआर कशी झाले? एफवायचे मार्क पाहून क्लास टीचरनी नाव सुचवलं, वर्गानं टाळ्या वाजवल्या. एलआरही तशीच नेमणूक. मी काम मनापासून केलं, पण माझ्या जागी मार्क चांगले आणि आवाज न काढणारी कोणी असती तर ती वही निघालीच नसती, आणि वर्गाला तिला बदलताही आलं नसतं. शेजारच्या वर्गात तसंच होतं. तिथला सीआर सरांचे निरोप वर्गाला सांगायचा, वर्गाचे निरोप सरांकडे कधीच गेले नाहीत. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला कोणी निवडलेलंच नव्हतं, तर त्यानं कोणाला उत्तर द्यायचं?

ह्याला मागची कारणं आहेत, ती पालकांना माझ्यापेक्षा जास्त आठवतील. कॉलेजच्या निवडणुकांत मारामाऱ्या व्हायच्या, बाहेरचे पक्ष आणि पैसा शिरायचा, १९८९ साली मुंबईत तर एका विद्यार्थी उमेदवाराचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं मग गुणवत्तेवर नेमणूक आणली. पण २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा पुन्हा निवडणुकीकडे आला. कलम ९९ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, एक राखीव प्रवर्गातला प्रतिनिधी आणि दर वर्गातून एक प्रतिनिधी निवडून यायचे आहेत. कलम ९७ प्रमाणे त्यातले अध्यक्ष आणि सचिव महाविद्यालय विकास समितीवर बसतात, जिथे संस्थाचालक, प्राचार्य आणि शिक्षक एकत्र बसून कॉलेजचं अंदाजपत्रक आणि पुढचे बेत ठरवतात. वर्षातून किमान चार बैठका. विचार करा, पॅडचं मशीन भरायचा खर्च त्या बैठकीत एका विद्यार्थिनीनं मांडला असता तर? २०१९ साली निवडणुका होणार असं वातावरण होतं, पण विधानसभेच्या निवडणुका आल्या आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. माझ्या तीन वर्षांत आमच्या कॉलेजात एकही झाली नाही.

निवडणूक म्हटलं की माझ्याही घरी नकोच म्हणतात. बाबांचं म्हणणं, पोरं शिकायला पाठवली की पुढारी करायला? त्यांना मी विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी वाचून दाखवल्या, सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये लागू केलेल्या. एका उमेदवाराचा खर्च ५००० रुपयांच्या वर नाही. छापील पोस्टर नाही, हातानं काढलेलंच चालेल. ७५ टक्के हजेरी नसेल तर उभं राहता येत नाही. उमेदवारी अर्जापासून निकालापर्यंत सगळं १० दिवसांत संपवायचं. हे पाळलं तर पुढारी होण्याइतका वेळही मिळत नाही. निवडणूक कागदावरच राहते, ते अंतर्गत तक्रार समितीचंही तसंच आहे. लैंगिक छळाची तक्रार विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर त्या समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी निवडणुकीनं यायला हवेत असं यूजीसीचा २०१५ चा नियम सांगतो. आमच्या फलकावर तीन नावं होती, निवड कधी झाली ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आणि २०२३ च्या तक्रार समितीवरचा विद्यार्थी तर नियमाप्रमाणेच फक्त विशेष निमंत्रित, तोही नेमलेला. यूजीसीनं हे बदलायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्जांनी सगळं होतं असंही मी म्हणणार नाही. आमच्या अडचणी कॉलेजच्या आवारात सुटण्यासारख्या होत्या. ज्या तशा नसतात त्यांना रस्त्यावर यावं लागतं, आणि नाशिकनं ते पाहिलंय. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात आहे. २०१८ साली आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचं ठरलं, तेव्हा मुलामुलींनी त्याविरुद्ध पुण्याहून नाशिकला पायी मोर्चा काढला. वाटेत त्यांना अडवण्यात आलं. माझ्या बॅचमधली एक मुलगी तशाच एका वसतिगृहात राहते. महिन्याचे पैसे उशिरा आले की ती मैत्रिणींकडून उसने घेते आणि बोलत नाही. तिच्या प्रश्नाला आमच्या आवक-जावकच्या खिडकीवर उत्तर नाही, आणि कॉलेजनं निदान तिच्यामागे एक पत्र तरी द्यावं, इतपतच आम्हाला करता आलं. पत्र मिळालं, एवढं नोंदवते.

ह्या जूनमध्ये ॲडमिशनला जाल तेव्हा काउंटरवर फी विचारून झाली की हेही विचारा : तक्रार निवारण समितीची नावं कुठे लावली आहेत, ऑनलाइन तक्रारीची लिंक कोणती, विद्यार्थी विकास अधिकारी कोण आणि कुठल्या खोलीत बसतात, सीआर कसा ठरतो. कॉलेज बघायला गेलात तर मुलींच्या स्वच्छतागृहात दुपारी जा, सकाळी नको. वाचनकक्षाच्या दारावरची वेळ आणि माहितीपत्रकातली वेळ ताडून पाहा. अपडाऊन करणार असाल तर पहिल्याच आठवड्यात, रजिस्टर बनायच्या आत, प्रॅक्टिकलच्या बॅचबद्दल बोला. आणि वर्गशिक्षक सीआरसाठी नाव सुचवतील तेव्हा हात वर करून विचारा की आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडू का. त्याला कुठल्याही कायद्याची मनाई नाही. आमच्या खालच्या वर्गानं यंदा तसं विचारलं, मॅडम हो म्हणाल्या, आणि तास संपायच्या आत खडूच्या डब्यात चिठ्ठ्या टाकून निवड झाली.